सावित्रीच्या मुखापासून उगमापर्यंत: हरिहरेश्वर ते महाबळेश्वर, एका दिवसात, सायकलवर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दिवाळी संपली की आमच्या ग्रुपकडे या राइडबद्दल विचारणा सुरू होते. प्रश्न तेच असतात, माणसं नवी असतात. म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी घेतलेत, डोकं खाणारे शेवटी.

१. हे नेमकं आहे तरी काय?

पहाटे कोकण किनाऱ्यावर हरिहरेश्वरहून निघायचं आणि सूर्य मावळायच्या आत सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला पोहोचायचं. सुमारे १३० किलोमीटर, आणि बाजारपेठेतून क्षेत्र महाबळेश्वरपर्यंत आणखी पाच-सहा. ही शर्यत नाही. पहिला नंबर, दुसरा नंबर काही नसतं. पण सहलही नाही. चार-चार जणांच्या चौकड्या करून आम्ही जातो आणि सगळी गंमत (आणि सगळी भांडणं) त्या चौकडीतच आहेत. त्याबद्दल प्रश्न ७ मध्ये.

मार्ग उगाच निवडलेला नाही. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि हरिहरेश्वर व बाणकोट यांच्या मधल्या खाडीतून समुद्राला मिळते. आपण तिच्या मुखापासून उगमाकडे, म्हणजे अक्षरशः प्रवाहाविरुद्ध जातो.

२. रस्ता कुठून कुठून जातो?

हरिहरेश्वर, म्हसळा, गोरेगाव, लोणेरे, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर. गोरेगाव म्हणजे रायगड जिल्ह्यातलं, मुंबईतलं नव्हे. हेही एकदा विचारून झालंय.

याचे तीन वेगळे तुकडे आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा. लोणेऱ्यापर्यंत कोकणातला अस्सल वळणावळणाचा रस्ता. आंबेनळीसारखा लांब चढ नाही, पण सपाटीही नाही. एक टेकाड चढलात की लगेच उतार, खाली ओढ्यावरची मोरी, की पुन्हा टेकाड. अंधारात हे कळत नाही आणि माणूस ताज्या दमात जोर लावत सुटतो. दुपारी आंबेनळीत पाय उचलेनासे होतात त्याचं कारण बहुतेक वेळा पहाटे म्हसळ्याच्या अलीकडे सापडतं.

लोणेऱ्याला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. तिथून महाडमार्गे पोलादपूरपर्यंत साधारण ४० किलोमीटर महामार्गच. दासगावच्या आसपास उजव्या हाताला सावित्रीची खाडी दिसते, महाडच्या अलीकडे डोंगराच्या पोटात गांधारपाले लेणी. रस्ता रुंद आहे, पण ट्रेलर आणि लक्झरी बसही तितक्याच वेगाने जातात. इथे एकामागे एक, डाव्या कडेने, गप्पा बंद.

पोलादपूरला महामार्ग सोडून डावीकडे वळलात की शेवटचे ४० किलोमीटर. खरी राइड इथे सुरू होते.

३. घाट किती अवघड आहे?

भिंतीसारखा उभा नाही. लांब आहे. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहे आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. म्हणजे ४० किलोमीटरमध्ये साधारण १,३०० मीटर. सरासरी काढली तर सव्वातीन टक्केच येते आणि कागदावर ती फार निरुपद्रवी दिसते. पण मध्ये सपाटीचे आणि थोडे उताराचेही तुकडे आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष चढ असतो तिथे तो पाच-सहा टक्क्यांच्या घरात जातो.

घाट दोन हप्त्यांत आहे हे डोक्यात पक्कं ठेवा. पहिला चढ पोलादपूरहून प्रतापगडाच्या बाजूच्या खिंडीपर्यंत. इथे आपण सावित्रीचं खोरं सोडतो आणि कोयनेच्या खोऱ्यात, म्हणजे जावळीत शिरतो. खिंडीच्या अलीकडे पडलेला पाऊस अरबी समुद्रात जातो, पलीकडचा कोयना-कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात. मग वाडा-कुंभरोशीच्या आसपास जरा श्वास मिळतो, आणि तिथून दुसरा चढ थेट महाबळेश्वरपर्यंत. नवखी माणसं खिंडीत पोहोचली की 'झालं!' म्हणून फोटो काढतात. झालेलं नसतं. निम्मं झालेलं असतं.

महाबळेश्वरहून पार गावाकडे उतरणाऱ्या जुन्या पायवाटेचं नाव रडतोंडीचा घाट. १६५९ मध्ये अफझलखानाचं सैन्य त्या वाटेने जावळीत उतरलं, असं सांगतात. ते उतरताना रडले, आपण चढताना.

४. कोणत्या महिन्यात? पावसाळ्यात घाट किती सुंदर असतो, तेव्हा का नाही?

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीअखेर. त्यातही नाताळ ते नवीन वर्षाचा आठवडा सोडून, कारण महाबळेश्वरच्या रस्त्यांवर तेव्हा चालायलाही जागा नसते.

पावसाळ्यात आम्ही जात नाही. यावर वाद नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये महाड आणि पोलादपूरच्या दरम्यान सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्यासोबत एसटीच्या दोन बसही गेल्या. आपण त्याच जागच्या नव्या पुलावरून जातो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यात तळीयेची दरड कोसळली, महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि आंबेनळी घाट जागोजागी खचला. धबधब्याखाली फोटो हवा असेल तर गाडीने जा, तोही पाऊस उघडल्यावर.

फेब्रुवारीच्या मध्यापासून पोलादपूरचं ऊन सहन होत नाही. शिवाय महाशिवरात्रीला आपल्या दोन्ही टोकांना जत्रा असते, कारण दोन्हीकडे शंकरच. त्यानंतर शिमगा. कोकणात शिमग्याला रस्ता अडवून पोस्त मागतात आणि सायकलवाल्याला सूट नसते. मार्चमध्ये जाणाऱ्यांनी २० तारीखही टाळावी. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मरणासाठी महाडला लाखो लोक येतात आणि तो दिवस त्यांचा असतो.

५. मला जमेल का? मी रविवारी ४० किलोमीटर करतो.

आज नाही जमणार, दहा-बारा आठवड्यांनी जमेल. आमची कसोटी सोपी आहे. निघायच्या तीन आठवडे आधी तुम्ही एका दिवसात १०० किलोमीटर केलेले असावेत, आणि एखादा घाट त्याच दिवशी दोनदा चढलेला असावा. पुणेकरांसाठी सिंहगड दोनदा, वाईकडच्यांसाठी पसरणी दोनदा. दुसऱ्यांदा चढताना मनात जे विचार येतात, तेच आंबेनळीच्या दुसऱ्या हप्त्यात येतात. त्यांची ओळख आधी झालेली बरी.

वेगाची काळजी करू नका. सहा-सात तास खोगिरावर बसण्याची सवय जास्त महत्त्वाची आहे. मानेला, मनगटाला आणि बसण्याच्या जागेला काय होतं ते १०० किलोमीटरच्या आत कळत नाही.

६. सायकल कोणती लागेल? माझ्याकडे साधी हायब्रिड आहे. रोडबाइक घेऊ का?

फक्त या राइडसाठी घेऊ नका. हायब्रिडवर दरवर्षी लोक पोहोचतात.

सायकलचं वजन ही लोकांची आवडती चिंता. साधा हिशोब करा. तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो असाल आणि घाटाला चार तास लागत असतील, तर सायकल एक किलोने हलकी झाल्यावर वाचतात जेमतेम तीन मिनिटं. तीन मिनिटं तर वाडा फाट्यावर चहा गार होण्यात जातात.

गिअरकडे मात्र नीट बघा, कारण खरी फसगत तिथे होते. पेडलपाशी असलेलं लहान दातेरी चाक ३४ दात्यांचं आणि मागच्या दातेरी चाकांतलं सगळ्यात मोठंही ३४ चं असेल, तर मिनिटाला ६० पेडलं मारत तुम्ही ताशी साडेसात किलोमीटरने चढू शकता. मागचं सगळ्यात मोठं २५ चंच असेल, तर त्याच लयीला वेग सव्वादहा ठेवावा लागतो. तो नाही जमला तर लय ४० वर येते आणि गुडघे बोलू लागतात. मागे ३२ किंवा ३४ ची कॅसेट (दातेरी चाकांचा संच) बसवून घ्या. पण सगळ्या डिरेल्युअरना (चेन सरकवून गिअर बदलणारा भाग) एवढी मोठी कॅसेट चालत नाही, तेव्हा मेकॅनिकला विचारूनच. सगळ्यात उपयोगी खर्च हाच.

टायर २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद. प्रत्येकाकडे दोन ट्यूब, लिव्हर, पंप, पुढचा-मागचा लाइट. हेल्मेटशिवाय कुणालाही निघू देत नाही, ओळखीचा असला तरी.

७. चौकडीचा नियम काय आहे आणि तो इतका कडक का?

चार जण एकत्र निघतात, चार जण एकत्र पोहोचतात. चौकडीची वेळ म्हणजे चौथ्या माणसाची वेळ. पहिले तिघे दोनला पोहोचले आणि चौथा साडेपाचला, तर चौकडी साडेपाचला पोहोचली. घाटात दोन वळणांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. पुढच्याने थांबायचं, मागच्याने जीव काढून गाठायचं नाही.

सुरुवातीला हा नियम नव्हता. दुसऱ्या वर्षी मी आणि दोघे मित्र तीनच्या सुमाराला वर पोहोचलो, मका खाल्ला, स्ट्रॉबेरी क्रीम खाल्लं. चौथा मागे आहे, येईल, असं प्रत्येकाला वाटत होतं. तो प्रतापगड फाट्याच्या अलीकडे एका कठड्यावर बसला होता. दोन्ही मांड्यांत गोळे, पाणी संपलेलं, फोनला रेंज नाही. अंधार पडल्यावर भाजीच्या एका टेम्पोवाल्याने त्याला सायकलसकट वर आणलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. तो काही बोलला नाही आणि पुन्हा कधी आमच्याबरोबर आलाही नाही. त्या वर्षीची आमची वेळ आजही कुणाला मोडता आलेली नाही, आणि ती मी कुणाला सांगत नाही.

म्हणून चौकडी करताना 'कोण तगडा' हे न बघता 'कुणाचा वेग सारखा' हे बघा. तीन घोडे आणि एक नवरदेव अशी चौकडी बांधाल तर चौघांचाही दिवस खराब होईल. कोणी नसेल तर आम्ही जोडी लावून देतो, पण त्यासाठी तुमची घाटातली खरी वेळ सांगा. नम्रपणाने जास्त नको आणि अभिमानाने कमी नको.

८. ओळीत चालवल्याने खरंच फायदा होतो का?

सपाटीवर, ताशी २५-३० च्या वेगात, पुढच्याच्या आडोशाने चालवणाऱ्याचे कष्ट पाव हिश्श्याने तरी वाचतात. वारा समोरून असेल तर त्याहूनही जास्त. त्यामुळे लोणेरे ते पोलादपूर आळीपाळीने पुढे राहा, तीन-चार मिनिटांनी बदला. बदलताना पुढच्याने आधी आरशात किंवा मान वळवून मागची वाहनं बघायची. खड्डा दिसला की हाताने खूण आणि तोंडाने ओरडा, दोन्ही.

घाटात वेग आठ-दहावर येतो आणि आडोशाला काही अर्थ उरत नाही. तिथे सोबतीचा उपयोग वेगळा असतो. कुणीतरी बडबडत राहणं, दुसऱ्याची बाटली भरून देणं, 'पुढच्या वळणावर टपरी आहे' असं धादांत खोटं सांगणं.

९. वेळेची मर्यादा काय? उशीर झाला तर?

निघणं पहाटे ५ वाजता. महाड सकाळी १०:३० पर्यंत, पोलादपूर दुपारी १२ पर्यंत, प्रतापगड फाटा ३ पर्यंत, महाबळेश्वरची बाजारपेठ संध्याकाळी ६ पर्यंत. जानेवारीत सूर्य साधारण सव्वासहाला मावळतो आणि घाटातलं जंगल त्याआधीच काळोखतं. या भागात रानगवे आहेत. अंधारात वळणावर गवा समोर उभा राहिला तर तुमच्या लाइटने तो प्रभावित होत नाही.

यातली एकही वेळ चुकली तर चौकडी मागच्या टेम्पोत बसते. 'फक्त दहा मिनिटं' यावर दरवर्षी मोठी वकिली होते. पोलादपूरची मर्यादा सगळ्यात महत्त्वाची, कारण बारानंतर घाटाला लागलात की पहिला चढ भर उन्हात आणि दुसरा अंधारात, असं दोन्हीकडून मरण.

१०. खायचं काय, किती?

भूक लागायच्या आधी खा. एवढ्या लांबच्या राइडमध्ये तासाला ५० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन केळी किंवा त्या तोडीचं काहीतरी. आंबेनळी घाट नुसता चढायलाच, ८५ किलो वजन १,३०० मीटर उचलायला, शरीराला हजार-अकराशे कॅलरी जाळाव्या लागतात. त्याआधीचे ९० किलोमीटर वेगळे.

आमचं पारंपरिक खाणं: म्हसळ्याला पोहे आणि चहा, महाडला इडली किंवा मिसळ (मिसळ खाणाऱ्यांची घाटातली हालत बघून तिसऱ्या वर्षापासून फक्त इडली), खिशात राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर. परदेशी जेलची पाकिटं आणायची असतील तर आणा, पण आधी सरावात खाऊन बघा आणि रिकामी पाकिटं खिशातच ठेवा. केळी पिशवीत बाहेर लटकवू नका. घाटातली माकडं हँडलवरून पिशवी नेतात आणि त्यांना गिअरची गरज नसते.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, त्यात मीठ हवंच. ओआरएस उत्तम. कोकम सरबतात मीठ-साखर घालून आणणारेही आहेत आणि दुपारी दोनला सगळ्यांची नजर त्यांच्याच बाटलीवर असते. पोलादपूरला दोन्ही बाटल्या काठोकाठ भरल्याशिवाय घाटाला लागू नका. घाटात टपऱ्या आहेत, पण त्या आपल्या तहानेच्या हिशोबाने वसलेल्या नाहीत.

११. घाटात पोटरीत गोळा आला तर काय करायचं?

उतरा, सावलीत जा, पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढा. मिठाचं पाणी घोट घोट प्या. दहा मिनिटांनी एक-दोन गिअर हलका लावून निघा. पुन्हा आला तर थोडं चालत जा. ढकलत चालण्याला आमच्याकडे पूर्ण परवानगी आहे आणि त्यात कमीपणा नाही. गोळे येण्याचं मूळ बहुतेकदा सकाळच्या घाईत असतं (प्रश्न २).

छातीत दुखलं, घाम अचानक थांबला, बोलणं असंबद्ध झालं, तर तो गोळा नव्हे. तिथेच सावलीत बसवा, अंगावर पाणी ओता, टेम्पो बोलवा आणि खाली पोलादपूर किंवा वर महाबळेश्वर, जे जवळ असेल तिथे दवाखान्यात न्या. १०८ ला फोन लावा. रेंज नसेल तर येणाऱ्या गाडीला हात करा.

१२. सोबत गाडी असते का? पैसे किती?

एक टेम्पो सगळ्यात शेवटी चालतो. त्यात पाणी, प्रथमोपचार, सामान आणि थकलेली माणसं. फी नाही. टेम्पो, डिझेल आणि वरचा मुक्काम याचा खर्च डोकी मोजून वाटून घेतो. टेम्पोवाले काका पंक्चर काढत नाहीत, हे त्यांनीच लिहायला सांगितलंय.

१३. मुली-बायका येतात का? वाटेत स्वच्छतागृहांचं काय?

येतात, आणि दरवर्षी जास्त येतात. प्रश्न रास्त आहे, पुरुष आयोजकांना तो उशिरा सुचतो. निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी, मग म्हसळा आणि महाड इथे ठरलेल्या हॉटेलांत, महामार्गावर पेट्रोल पंपांवर. पोलादपूरनंतर मात्र वर पोहोचेपर्यंत भरवशाचं काही नाही. वाडा-कुंभरोशीच्या हॉटेलांत विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. म्हणून पोलादपूरचा थांबा घाईत उरकू नका. स्वच्छतागृह टाळायचं म्हणून पाणी कमी पिणं हा मार्ग नव्हे, त्याची शिक्षा घाटात मिळते. टेम्पोत सॅनिटरी पॅड, कागद, साबण आणि आडोशाला एक चादर असते. मागायला लाजू नका, न विचारता घ्या.

१४. सायकल घेऊन हरिहरेश्वरला पोहोचायचं कसं? परत कसं यायचं?

आदल्या दिवशी दुपारी. पुण्याहून ताम्हिणीमार्गे टेम्पो जातो. मुंबईकडचे काही जण कोकण रेल्वेने माणगावला उतरून पुढे सायकलनेच येतात, पण मग दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय आदल्या दिवसाचेच असतात. रात्री घरगुती खानावळीत साधं जेवण. सुरमईचं ताट समोर आलं तरी भात जास्त, तळण कमी.

परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशी. त्याच संध्याकाळी पसरणी घाट उतरून वाईला जातो म्हणणारे असतात. थकलेल्या हातांनी ब्रेक दाबत, पर्यटकांच्या गाड्यांमधून, अंधारात? नाही.

१५. ही बीआरएम आहे का? मेडल मिळतं का?

नाही आणि नाही. बीआरएम (ठरल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल राइड) किमान २०० किलोमीटरची असते, साडेतेरा तासांत संपवायची, आणि तिथे तुम्ही एकटेच स्वतःला जबाबदार. इथे उलटं आहे. मेडलऐवजी वर गरम पिठलं-भाकरी मिळते.

१६. ताम्हिणी किंवा वरंध घाटाने का नाही? आणि बागमांडल्याहून फेरीबोटीने पलीकडून?

ताम्हिणी सुंदर आहे, पण तो महाबळेश्वरएवढा उंच जात नाही आणि उतरतो मुळशीत, म्हणजे घराजवळ. घर जवळ दिसलं की माणसं राइड अर्धी सोडतात. वरंध घाट महाडहून भोरला जातो. रस्त्याची अवस्था दरवर्षी वेगळी असते आणि तो वरचेवर बंद असतो.

बागमांडला ते वेसवी फेरीबोटीने खाडी ओलांडून मंडणगड, म्हाप्रळमार्गे महाडला येता येतं. ती बाजू शांत आणि फार देखणी आहे. पण पहाटे पाचला बोट मिळत नाही, आणि मंडणगडचा चढ सकाळीच पाय खाऊन टाकतो. दोन दिवसांत करणार असाल तर हाच मार्ग घ्या. मी स्वतः तसाच जातो.

१७. वाटेत प्रतापगड बघता येईल का?

वेळेच्या मर्यादेत (प्रश्न ९) बसवू शकलात तर कुणी अडवणार नाही. आजवर कुणी बसवू शकलेलं नाही. फाट्यावरून गडाचा वेगळा चढ आहे आणि वर पायऱ्या आहेत. क्लीटच्या (पेडलमध्ये अडकणाऱ्या) बुटांनी त्या पायऱ्या चढणारा एकजण आम्ही पाहिला, उतरताना तो अनवाणी होता.

१८. चौघांतला एक महाडलाच थांबला तर बाकी तिघांचं काय?

हा सगळ्यात जास्त आलेला अवघड प्रश्न. थांबणाऱ्याने टेम्पोवाल्यांना किंवा आमच्यापैकी कुणाला समोरासमोर सांगितलेलं असलं पाहिजे. 'मी बघतो माझं, तुम्ही व्हा पुढे' चालत नाही. तसं सांगितलं तर उरलेले तिघे त्रिकूट म्हणून पुढे जाऊ शकतात. दोघेच उरले तर मागून येणाऱ्या चौकडीला जोडून घ्यायचं आणि मग त्या सगळ्यांची वेळ एकच. एकट्याने घाट चढायचा नाही, कितीही तयारीचा असला तरी.

आणि प्रतापगड फाट्यानंतर एकजण पूर्ण गळाला तर? टेम्पो येईपर्यंत तिघांनी त्याच्याजवळ थांबायचं. त्यात सहाची वेळ चुकली तर त्या तिघांची वेळ आम्ही थांबल्याच्या ठिकाणापासून पुढे मोजतो. ही एकमेव सवलत.

१९. साथीदाराला हाताने ढकललं, दोरीने ओढलं, टेम्पोला धरलं तर?

चढावर पाठीला हात लावून ढकलणं चालतं, तेही मोकळ्या रस्त्यावर, वळणावर नाही. दोरी नाही, एक पडला की दोघे पडतात. टेम्पोला किंवा कुठल्याही वाहनाला धरलं की राइड तिथेच संपली. ट्रकला धरून पोलादपूरपर्यंत आलेल्या एकाने वर अभिमानाने सांगितलं होतं. पिठलं-भाकरी त्याला दिली, फोटोत घेतलं नाही.

२०. इ-सायकल चालेल का?

चौकडीत नाही. तीन जणांचे पाय आणि एकाची मोटर यांचा वेग जुळत नाही. अपवाद एक: साठीच्या पुढचे किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले असतील, तर इ-सायकलवाल्यांची वेगळी चौकडी करतो. बॅटरी हिशोबाने वापरा. पोलादपूरपर्यंत मोटर बंद ठेवली नाही तर घाटात तुमच्याकडे फक्त एक जड सायकल उरते.

२१. मला मधुमेह आहे. गोळ्या चालू आहेत. येऊ का?

तुमच्या डॉक्टरांना अंतर, चढ आणि वेळ हे आकडे दाखवून विचारा आणि औषधाची त्या दिवशीची मात्रा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. एवढ्या श्रमात साखर झपाट्याने खाली येऊ शकते. इन्शुलिनवर असाल तर जास्तच. चौकडीतल्या तिघांनाही ते माहीत असलं पाहिजे. साखर किंवा ग्लुकोज कुठल्या खिशात आहे, हात थरथरले किंवा उगाच चिडचिड झाली तर त्याचा अर्थ काय, हे त्यांना आधी सांगून ठेवा. लपवून येणाऱ्याला आम्ही घेत नाही. सांगून येणारे दोघे आमच्यात नियमित आहेत. रक्तदाब आणि हृदयविकाराचंही हेच.

२२. ऐनवेळी घाट बंद असेल तर?

डागडुजीसाठी कधीकधी हिवाळ्यातही बंद होतो. आदल्या संध्याकाळी पोलादपूरला फोन करून खात्री करतो. बंद असेल तर राइड पुढे ढकलतो. 'सायकल उचलून अडथळ्याच्या पलीकडे नेऊ' या सूचनेबद्दल आभार.

२३. सुरुवातीला चाक समुद्रात बुडवायचं असतं ना?

परदेशातल्या व्हिडिओत बुडवतात. आपण नाही. खारं पाणी आणि वाळू चेनमध्ये गेली की म्हसळ्यापर्यंत कुरकुर सुरू होते, आणि उरलेला दिवस ती ऐकायची. हौस असेल तर पाय भिजवा आणि धुऊन, पुसून मोजे घाला. ओल्या पायाला मोज्यात फोड येतात. मंदिरामागच्या प्रदक्षिणा मार्गावरच्या खडकांवर मात्र अंधारात अजिबात जाऊ नका. तिथे लाट कधी आणि किती वर येईल याचा नेम नाही, माणसं वाहून गेलेली आहेत.

२४. सावित्रीचा खरा उगम तर आर्थर सीटच्या बाजूच्या दरीत आहे. मग राइड क्षेत्र महाबळेश्वरलाच का संपते?

भूगोलवाल्यांचा प्रश्न, आणि मुद्दा बरोबर आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाचही नद्यांचा उगम पंचगंगा मंदिरात मानतात आणि तिथे गोमुखातून एकच धार पडते. परंपरेने तो उगम, म्हणून आपण तिथे संपवतो. बाटली भरून घ्या, पण सायकल बाहेर लावून, बूट काढून, रांगेत उभं राहून.

आर्थर सीट तिथून पुढे आहे. तिथल्या कड्यावरून सावित्रीची खोल दरी थेट पायाखाली दिसते. संध्याकाळी उजेड राहत नाही, म्हणून ज्यांना हवं त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोने नेतो. गेल्या खेपेला रात्री अकरा जणांनी नावं दिली होती. पहाटे टेम्पोजवळ दोघे होते, त्यातले एक टेम्पोवाले काका.